आमच्या दारावर पट्टा नव्हता

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच वर्षीच्या पितृपक्षात सुरतेला प्लेग लागला. माझा नवरा तेव्हा सुरतेत होता.

आता ही दोन वाक्यं सलग लिहून होतात. त्या दिवसांत दुसरं वाक्य मी घराबाहेर कुणाजवळही बोलले नाही, आणि पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

नवरा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात फिटर होता. सुरतेच्या एका गिरणीत मशीन बसवून द्यायला मालकानं त्याला पाठवलं तेव्हा गणपती बसायचे होते. सुरत म्हटलं की साड्या, एवढंच आम्हाला ठाऊक. पंधरा दिवसांत येतो म्हणून गेला. मी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते. बेअरिंगं किती आली, ऑइल सील किती गेले, हातमोज्यांचे जोड किती उरले, याची कार्डं मी भरायची. ते काम अंगात इतकं मुरलं होतं की घरातल्या डब्यांनाही मी चिठ्ठ्या चिकटवत असे. नवरा म्हणायचा, एक दिवस माझ्याही पाठीवर लावशील.

आम्ही राहायचो जालना रोडच्या मागं. चौदा घरं एका ओळीत आणि समोर धान्याच्या गोदामाची लांबलचक भिंत. सगळे बाहेरून आलेले, कारखान्यांच्या ओढीनं. मराठा होते, वाणी होते, दोन मुसलमान घरं, आमचं धनगराचं, तीन घरं बौद्धांची. आमच्या शेजारी राहायची ती त्या तीन घरांतली एक, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. जानेवारीत नामविस्तार जाहीर झाला तेव्हा ती पेढे घेऊन सगळ्या दारांवर गेली होती. काही घरांनी घेतले, काही घरांना नेमकं तेव्हाच बाहेर जायचं होतं. मी घेतले, पण तिला आत बोलावलं नाही. ती मला वहिनी म्हणायची, मी तिला ताई. प्लेगच्या दिवसांत तिची मुलगी आठ महिन्यांची होती, माझी तीन वर्षांची.

बीडकडच्या खेड्यांत माणसांना गाठी आल्याची बातमी आधीच पेपरात येऊन गेली होती. ती आम्ही वाचली आणि पान उलटलं. सुरतेची बातमी आली तेव्हा मात्र लोक दचकले, कारण ही गाठीची नव्हे, छातीची होती. खोकल्यातून लागते, असं टीव्हीवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर निम्मी माणसं तोंडाला रुमाल बांधून होती. कापूर मिळेना. कडुनिंबाची खालची फांदी झाडावर राहिली नाही. कुणी दोरीत लसूण ओवून पोरांच्या गळ्यात बांधला. मेडिकलवर टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलसाठी रांगा लागल्या आणि लोक त्याला ‘प्लेगच्या गोळ्या’ म्हणू लागले. कुणी एक खाऊन बघितली, बाकीच्या कपाटात ठेवल्या.

मी तीन दिवस एसटीडी बूथवर जाऊन गिरणीचा नंबर लावत होते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी उचलला. चौकीदार असावा. म्हणाला, गिरणी बंद आहे, सगळे पळाले. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, इथं कुणाचंच नाव कुणाला माहीत नाही, आणि फोन ठेवून दिला.

आमच्या कारखान्याच्या गेटवर रखवालदार प्रत्येकाला विचारू लागला होता, सुरतेहून कोण आलंय का घरी. पेंटशॉपमधल्या एकाचा मेहुणा आला होता. त्यानं भाबडेपणानं सांगितलं. त्याला गेटवरूनच परत पाठवलं आणि त्याची सायकल ज्या खांबाला टेकवली होती त्या खांबावर फिनेल ओतलं. मी ते पाहिलं आणि पुढं होऊन सांगितलं, आमच्याकडे कुणी नाही. तोवर ते खरंच होतं.

सर्वपित्रीला पाच-सहा दिवस असतील, गोदामाच्या भिंतीशी दोन उंदीर मरून पडलेले सापडले. गल्लीतल्या निवृत्त तलाठ्यांनी स्वतः रॉकेल टाकून ते जाळले आणि त्याच सकाळी गणपतीच्या मांडवाचे बांबू अजून उभे होते तिथं सगळ्यांना जमवलं. बैठकीत ठरलं की यादी करायची. कोण बाहेरगावाहून आलंय, कुणाला ताप, कुणाला खोकला, उंदीर कुठं दिसला. कुणीतरी विचारलं, उंदीर आला तर त्याचं नाव कुठल्या रकान्यात? माणसं हसली, पण रुमालाआडून, आणि हसताना एकमेकांपासून सरकली. यादीचं काम माझ्याकडे आलं. प्रसादाच्या याद्या मीच करायची, शिवाय घरात थर्मामीटर होतं. कुणाला माझा नवरा आठवला नाही. तो टूरवर आहे एवढंच लोकांना माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

त्याच दिवशी सासरे आले. त्यांना आम्ही मामा म्हणायचो. करमाडच्या पुढं एका खेड्यात राहायचे, वीस-पंचवीस मेंढरं अजून राखून होते. प्लेगचं कानावर आलं म्हणून मेंढरं भावाच्या हवाली करून, पिशवीत कडुनिंबाचा पाला आणि फडक्यात बांधलेला गेरू घेऊन एसटीनं आले. लेक कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं. मी रजिस्टरला रकाने आखत होते, ते बघत बसले आणि मग म्हणाले, “कळपात रोग शिरला का आधी मोजायचं. मग एकेक धरून बघायचं. बघितलं का पाठीवर पट्टा. न्हायतर तेच मेंढरू दोनदा बघतूस आन् रोगाचं राहून जातं.”

मला ते पटलं. स्टोअरमध्येही आम्ही मोजून झालेल्या खोक्यावर खडूची रेघ मारायचो. लग्नानंतर दोन पावसाळे मी मामांबरोबर मेंढरांना औषध पाजलं होतं. गेरूचा पट्टा म्हणजे बघून झालेलं, निर्धास्त जनावर, हे माझ्या डोळ्यांत बसलेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांना तो पट्टा काय सांगेल, हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्या घरात कुणालाच पडला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर रजा टाकली आणि थर्मामीटर, रजिस्टर, गेरूची वाटी घेऊन निघाले. प्रत्येक दारात विचारायचं, ताप मोजायचा, लिहायचं आणि ठीक असेल तर चौकटीवर हातभर लांब पट्टा ओढायचा. लोकांनी चांगली साथ दिली. शिक्षिकेच्या घरी तिचा दीर नाशिकहून चार दिवसांपूर्वी आला होता. तिनं न विचारता सांगितलं, “लिहा वहिनी, नाशिक. लपवून काय करायचं, लपवल्यानं रोग थोडाच मागं फिरतो.” दिराला ताप नव्हता. मी पट्टा ओढला. तिनं पट्ट्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं, पण विचारायला मला वेळ नव्हता.

तेरा घरं झाली. आपलं घर शेवटी घ्यायचं, ही माझी सवय. अकराच्या सुमारास घरी आले तर मागच्या दाराशी नवरा बसला होता.

त्याला ओळखायला मला एक क्षण लागला. तोंड सुकलेलं, डोळे लाल, अंगावर चादर. धुळ्यापर्यंत ट्रकमध्ये, पुढं मिळेल त्या गाडीनं आला होता. पुढच्या दारानं आला नाही, कारण गल्लीच्या तोंडाशी तोंडं बांधलेली माणसं उभी दिसली. मी जवळ जायला लागले तर हात वर करून म्हणाला, “तिथंच थांब. थंडी वाजतीय मला कालपासून. पोरगी कुठंय?”

पोरगी पुढच्या खोलीत होती. मी मधलं दार लावलं. तेवढं केलं आणि मग माझे हात चालेनात. रोज डोक्यात चार कामं एकामागून एक लागलेली असतात, त्या वेळी एकही आठवेना. मामांनी सगळं हातात घेतलं. त्यांनी लेकाचे कपडे काढून मोरीत टाकले, उकळतं पाणी ओतलं, त्याला मागच्या खोलीत नेलं. काखेत, जांघेत हात घालून गाठ चाचपली. नव्हती. पण तो खोकत होता. मग मामा उंबऱ्यात उभे राहून मला म्हणाले, “आता मी आत ऱ्हातो. आजारी जनावराजवळ एकानंच ऱ्हायचं, त्यानं कळपाकडं यायचं नाय. भाकर उंबऱ्यावर ठिवायची आन् मागं सरायचं. समजलं का?” मी मान हलवली. “आन् मला काय झालं तर रडत आत यायचं नाय.” हे त्यांनी मेंढरांविषयी बोलावं तसं सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

मी थर्मामीटर उंबऱ्यावर ठेवलं. आतून आकडा सांगितला, एकशे तीन.

रजिस्टर पुढ्यात होतं. चौदाव्या घराची ओळ कोरी. मी पेन हातात घेतलं. लिहिलं असतं तर तासाभरात गल्लीला कळलं असतं. त्याला कुठं नेतील, आम्हाला कुठं ठेवतील, पोरीला कोण हात लावेल? पेंटशॉपमधल्या माणसाचा खांब मला दिसत होता. ‘ताप नाही’ असं लिहिणंही मला जमेना. खोटी नोंद मी आयुष्यात केली नव्हती. म्हणून मी ओळ कोरीच ठेवली आणि दारावर पट्टाही ओढला नाही. असं केल्यानं मी खोटं बोलत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी मेडिकलवर गेले. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, खुलताबादचे, गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणायचे. फळ्या रिकाम्या होत्या. मी कॅप्सूल मागितल्या. चाचा हळू आवाजात म्हणाले, एक पट्टी ठेवलेली आहे, पण ती कपाटात ठेवणाऱ्याला द्यायची नाही. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, “बेटी, सच बोल. घर में कोई सुरत से आया क्या?”

मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, नाही चाचा, असाव्यात म्हणून. चाचांनी मान डोलावली आणि माझ्या मागच्या माणसाकडे पाहून, काय हवंय, असं विचारलं.

मी रिकाम्या हातानं परत आले. वाटेत एकदा परत फिरावं असं वाटलं. चार पावलं फिरलेही. मग तोंडावरचा रुमाल घट्ट केला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतून आकडा अठ्ठ्याण्णव आला. मी इतकी हरखले की उंबऱ्यावर चहाबरोबर साखर लावलेली पोळी ठेवली. तेवढ्यात बाहेर गलका झाला. दूधवाला गल्लीत शिरला होता आणि पट्टा असलेल्या एकाही दाराशी थांबायला तयार नव्हता. तो रोज करमाडकडून सायकलवर यायचा, आमच्या बैठकीचं त्याला काही ठाऊक नव्हतं. दारावर लाल पट्टा म्हणजे आत प्लेग, हे त्यानं आपलं आपण ठरवलं होतं. बायका समजावत होत्या, अरे उलटं आहे, बघून झालेल्या घरांना पट्टा आहे. तो म्हणाला, “लई शाणपना नका शिकवू मावशी. चांगल्या घराला कोन रंग फासतं?” मग त्याला आमचं कोरं दार दिसलं. त्यानं सायकल आमच्या ओट्याला लावली आणि म्हणाला, इथं आणा भांडी, इथं घालतो.

पाच मिनिटांत आमच्या ओट्यावर तेरा घरांची पातेली आली. बायका आल्या, त्यांच्या कडेवरची पोरं आली. आत एका भिंतीपलीकडं माझा नवरा झोपला होता आणि मी दारात उभी राहून म्हणत होते, गर्दी करू नका, लांब उभ्या राहा. कुणीतरी म्हणालं, यादी करणारीच्या दाराला कशाला लागतो पट्टा, वहिनींचं घर म्हणजे आता सरकारी केंद्र झालं. शिक्षिकेनं बाळाला ओट्यावर बसवून पातेलं पुढं केलं. माझ्या मुलीच्या हातात बिस्कीट होतं. मी पाहेपर्यंत तिनं ते अर्धं चावून बाळाच्या तोंडात घातलं होतं.

मी धावले. बिस्कीट काढायला वाकले, पण बाळाच्या तोंडाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. हात तसाच हवेत राहिला. शिक्षिका हसून म्हणाली, राहू द्या वहिनी, खातेय. बायका दूध घेऊन गेल्या. मी ओटा तीनदा धुतला.

दुपारी ताप पुन्हा चढला. आतून मामांचा आवाज आला, “एकशे चार.” आणि मग खाटेचे पाय फरशीवर खडखडताना ऐकू आले. त्याला इतकी थंडी भरली होती. मी मधल्या दाराला पाठ लावून बसले, पोरीला दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन. तिचं कपाळ मी त्या दिवशी किती वेळा पाहिलं असेल याची नोंद नाही. तेवढ्या एकाच गोष्टीची मी यादी केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला येण्याआधी, शिक्षिका बाळाला घेऊन आली. शाळांना सुट्टी दिली होती, पण शिक्षकांना घरोघर सर्व्हे करायला बोलावलं होतं. दिराला परत नाशिकला पाठवलं होतं. बाळ सांभाळणारी म्हातारी पलीकडच्या गल्लीतून येऊन बाळ घेऊन जायची. तिनं पट्टा पाहिला आणि दारातूनच मागं फिरली. म्हणून आजच्या दिवस बाळ ठेवता का, असं ती विचारत होती. सगळ्या गल्लीत तुमचंच दार तेवढं कोरं आहे, तिथं ठेवलं म्हटलं की कुणी काही बोलणार नाही, असंही म्हणाली. मग आपल्या चौकटीकडे पाहत जरा हसली.

“खरं सांगू का वहिनी, राग नका मानू. मी शाळेत होते तेव्हा नामांतरावरून आमच्या गावात आमची घरं पेटवली. तेव्हा खुणा करायची गरज पडली नव्हती कुणाला, वस्तीच वेगळी होती. इथं सगळी एका ओळीत राहतात, म्हणून आम्ही हे घर घेतलं. आणि तुम्ही वाटी घेऊन आलात.”

मी तिच्या चौकटीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. तिनं ते सोडून दिल्यासारखं केलं आणि बाळ पुढं केलं. बाळ मला ओळखत होतं. त्यानं दोन्ही हात माझ्याकडे टाकले.

मी माझे हात पाठीमागं नेले.

“ताई, देऊ नका,” मी म्हटलं. “माझा नवरा सुरतेहून आलाय. आत आहे. ताप आहे त्याला.”

तिनं बाळ छातीशी ओढलं आणि मागं मागं जात गोदामाच्या भिंतीला टेकली. तिथून तिनं विचारलं, “कधी आला?”

“परवा. अकराच्या सुमाराला.”

“म्हणजे काल ही इथं बसून बिस्कीट खात होती तेव्हा तो आत होता.”

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं बाळाचे ओठ पदरानं पुसले. कालचं बिस्कीट आज पुसत होती. पुन्हा पुन्हा पुसत होती, बाळ रडायला लागलं तरी. मग म्हणाली, “मी तुम्हाला नाशिक सांगितलं होतं वहिनी. तुम्ही विचारायच्या आधी.”

एवढं बोलून ती गेली. मी दारातच उभी राहिले. दूधवाला आला, बायका पातेली घेऊन निघाल्या, तेव्हा मी ओट्यावरून मोठ्यानं सांगितलं की इथं येऊ नका, आमच्या घरात सुरतेचा ताप आहे. क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकीच्या हातातलं पातेलं खाली पडलं. काल ओट्यावर पोरं घेऊन आलेल्या सगळ्या बायका आपापल्या पोरांकडे बघायला लागल्या. तलाठी त्यांच्या गच्चीवरून म्हणाले, रजिस्टर कुणाच्या हातात दिलं बघा. ते बरोबरच होतं. मी आत जाऊन चौदावी ओळ भरली. आलेल्याचं गाव, आल्याचा दिवस, ताप, खोकला. सगळं जसं होतं तसं.

तासाभरात सर्व्हेची सरकारी गाडी गल्लीत आली. शिक्षिकेनं कळवलं होतं. ती गाडीबरोबर चालत आली आणि समोरच्या भिंतीशी उभी राहिली. मामा नवऱ्याला दवाखान्यात न्यायला तयार नव्हते. त्यांच्या आज्याच्या वेळी मरी आली तेव्हा सगळं गाव माळावर पालं ठोकून राहिलं होतं, तसं लेकाला रानात नेतो, म्हणत होते. गाडीतले लोक आत यायला कचरत होते. शेवटी शिक्षिका भिंतीपासूनच म्हणाली, “आजोबा, रानातही माणसं आहेतच की. त्यांच्या पोरांचं काय?”

मामा दारात आले. तीन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा उजेडात बघत होते. त्यांनी तिच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं. सकाळचं दारातलं बोलणं त्यांनी आतून ऐकलेलं होतं. “व्हय,” म्हणाले, आणि लेकाला खांद्याचा आधार देऊन स्वतः गाडीत बसवलं. मग स्वतःही चढले.

गाडी गेल्यावर ओट्याच्या पायरीवर एका दगडाखाली काहीतरी चमकलं. कॅप्सूलची अर्धी पट्टी होती, कात्रीनं कापलेली. नंतर कळलं, चाचांना शिक्षिकेनं शेजारच्या घराबद्दल खरं सांगितलं होतं आणि त्यांनी ती पट्टी दिली होती. अर्धी तिनं स्वतःकडे ठेवली. लहान पोरांना या गोळ्या द्यायच्या नाहीत, असं गाडीतल्या नर्सनं सांगितलं होतं. त्या मोठ्यांसाठी, म्हणजे आम्हा दोघींसाठी.

पुढचे दिवस मी घरातच होते. कामावर निरोप पाठवला, खरा निरोप. दवाखान्यात आत सोडत नव्हते. मामा फाटकाशी येऊन ओळखीच्या रिक्षावाल्याजवळ निरोप द्यायचे. छातीचा फोटो काढला. थुंकी पाठवली. रक्त पाठवलं. अजून कळलं नाही.

नवऱ्याला नेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शिक्षिका सर्व्हेचं थर्मामीटर हातात घेऊन समोरच्या भिंतीशी येऊन उभी राहिली. मी खिडकीत होते. ती म्हणाली, “बाळाला ताप आहे. शंभर पॉइंट चार. लिहा.”

मला वाटलं, ती मला बोलायला आली आहे. मग लक्षात आलं, तिला खरंच लिहायला हवं होतं. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे ती नोंद असणार नव्हती, आणि सर्व्हेच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळचे आकडे मागितले होते. मी रजिस्टर काढलं आणि लिहिलं. चारचा आकडा मी पुन्हा एकदा गिरवला.

संध्याकाळी पुन्हा आली. “एकशे एक. दूध घेत नाही.”

मी लिहिलं. मी विचारलं, खोकला? ती म्हणाली, नाही. मग म्हणाली, “अजून नाही.”

त्या दोन दिवसांत नवऱ्यापेक्षा त्या बाळाची भीती मला जास्त वाटत होती. हे मी नंतरही त्याला सांगितलेलं नाही. त्याचं काही बरंवाईट झालं असतं तरी तो सुरतेहून आणलेला ताप होता, त्याच्या कामाचा, त्याच्या नशिबाचा. बाळाचा ताप मात्र माझा होता. दर सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला मी खिडकीत जाऊन उभी राहायचे. तिला दोन मिनिटं उशीर झाला तर गजांना कपाळ लावून तिचं दार दिसतंय का बघायचे. आली की आधी मी तिच्या तोंडाकडे बघायचे. तिचं तोंड काही सांगत नसे. आकडा सांगून ती जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिक्षावाला आला आणि लांबूनच ओरडला, “वहिनी, हिवताप निघाला. मलेरिया. सोडणारेत उद्या.” गिरणीशेजारच्या डबक्यातले डास, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. खोकला गिरणीतल्या धुळीचा.

मी चपला न घालता शेजारी गेले, पण तिच्या ओट्याखालीच थांबले आणि तिथून सांगितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ऐकून तिनं डोळे मिटले. मग बाळाचा खालचा ओठ बोटानं जरा खाली ओढून मला दाखवला. हिरडीत पांढरं टोक दिसत होतं.

“सकाळपासून ताप नाही,” ती म्हणाली. “दात आलाय.”

“लिहू?” मी विचारलं.

“लिहा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवरा आला, निम्मा होऊन. मामा संध्याकाळच्या एसटीनं मेंढरांकडे गेले. गल्लीतल्या बायका आठवडाभरात बोलायला लागल्या. अष्टमीला हळदीकुंकवाला बोलावणंही आलं. नंतर खूप वर्षांनी मोठी साथ आली, मास्क आले, दारांवर सरकारी कागद चिकटले, तेव्हा सोसायटीनं यादी करायला मलाच सांगितलं. मी पहिलं नाव माझ्या घराचं लिहिलं. पण ती वेगळी गोष्ट.

शिक्षिका आणि आम्ही पुढं सहा वर्षं शेजारी राहिलो. माझ्या मुलीला तिनं गणित शिकवलं. गावाला जाताना किल्ली माझ्याकडे द्यायची, मीही दूध तापवून ठेवायचे. पण त्या पितृपक्षानंतर बाळ तिनं माझ्याकडे कधी ठेवलं नाही. सांभाळणारी म्हातारी परत यायला लागेपर्यंत रोज सकाळी ती बाळाला स्वतः पलीकडच्या गल्लीत पोचवायची, माझ्या दारावरून. मी ओट्यावर असले तर म्हणायची, “येते वहिनी.” मी म्हणायचे, “या ताई.” बाळ माझ्याकडे हात टाकायचं, आणि ती न थांबता त्याला दुसऱ्या कडेवर घ्यायची.